खुर्शीदाच्या घड्याळाची चाल

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुकानाच्या रजिस्टरमध्ये पुढून गिऱ्हाइकांची घड्याळं लिहितो अन् मागून माह्या मनातलं. तीस-बत्तीस वर्षं झाली, असंच चाललं आहे. खुर्शीदाले वाटते, मागच्या पानांवर पण मी चावी अन् कमान्याच लिहितो. वाटू दे. घरात आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण लिहायले बसलो की आरमोरीच्या शाळेत शिकलेली मराठीच हाती येते.

काल पोरगा शहबाज नागपूरहून आला अन् त्याच्या अम्मीच्या, खुर्शीदाच्या, हातात स्मार्टवॉच बांधून गेला. काळं, चौकोनी. काटे नाई, चावी नाई, टिकटिक नाई. मी म्हटलं, आण, झाकण खोलून पाहतो, तर पोरानं हिसकूनच घेतलं. "अब्बा, हे खोलायचं नसते!" पस्तीस वर्षं घड्याळं खोलणाऱ्या बापाले हे सांगते. माहे उस्ताद म्हणत, पहिले कान लाव, मग झाकण खोल. घड्याळ आपलं दुखणं चालीतून सांगते. ज्याची चालच ऐकू येत नाई त्याले घड्याळ कोण म्हणते?

पण आहे कामाचं. ठोके मोजते, पावलं मोजते, झोप मोजते, अन् सगळं शहबाजच्या जुन्या मोबाईलवर दाखवते. तो मोबाईल घरी फळीवर ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत पोरानं पाह्यलं, अम्मी पाण्याची गुंडी घेऊन नळापासून चुलीपर्यंत येता येता दोनदा बसली. म्हणून म्हणते, रोज चालायचं. चालायचं कुठी? तलावाच्या रस्त्यानं वाघ फिरून राह्यला. जंगलखात्याची गाडी भोंगा वाजवत सांगून गेली, दिवस निघायच्या आधी अन् बुडाल्यावर तिकडं फिरकू नका. म्हणून खुर्शीदा अंगणातच चालते, नळापासून शेवग्यापर्यंत. जायले एकोणीस पावलं, यायले एकोणीस.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज वॉच बोंबललं. खुर्शीदा तांदूळ निवडत बसली होती, नुसती बसली होती, अन् तिच्या हातावर ते थरथरलं. लाल अक्षरात १४८. मी मोबाईल पाह्यला, तिथीही तेच. बसलेल्या बाईचे ठोके १४८?

"काय म्हणते ते?" तिनं विचारलं.

"काई नाई. नवीन आहे, बिचकते."

राजदीपले विचारलं. माह्या दुकानाले लागून त्याचं मोबाईलचं दुकान आहे. माह्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, पण असल्या यंत्रातलं त्याले कळते. म्हणाला, "अयूबभाऊ, बंद करून चालू करा. अर्धे रोग त्यानंच जाते." केलं. चालू झालं तेव्हा ९६. हुश्श झालं. तरी जेवताना तीनदा तिच्या हाताकडं पाह्यलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तेच. सकाळी दोनदा, दुपारी एकदा. कामाले लागलो. मागच्या काचेवर तेलाचा थर होता. खुर्शीदा नात आयतच्या डोक्याले तेल लावते अन् हात तसाच ठेवते. स्पिरिटनं पुसलं, बारीक ब्रशनं कडा साफ केल्या. पट्टा ढिला होता, दोन भोकं आवळला, एक बोट जाईल एवढी जागा ठेवली. राजदीपनं त्यात नवीन सॉफ्टवेअर टाकलं, पाऊण तास लागला.

मग तपासणी केली. माह्या हातावर ७२. राजदीपच्या ७६. आयतच्या ९४. शहबाजची ही पोरगी आमच्याजवळच राहते, मले दादा अन् खुर्शीदाले दादी म्हणते, नऊ वर्षांची आहे, अन् तेव्हा लंगडी खेळून आली होती. खुर्शीदाच्या हातावर १३१. मग ८८. मग १४२. मग १०९. पळून पळून दम खाणाऱ्या बकरीसारखं.

आमच्या धंद्यातला नियम सोपा आहे. चार घड्याळं शेजारी ठेवा. तीन एक वेळ सांगतात अन् चौथं वेगळी, तर चौथं खराब. इथी घड्याळ एकच अन् हात चार. मग खराब कोण?

खुर्शीदाचं मनगट बारीक आहे, हाडावर काच नीट टेकत नाई. हेच कारण. दुसरं काई असू शकत नाई. हेच कारण.

२७ नोव्हेंबर, बुधवार

रविवार ते मंगळवार चिमूरले होतो, खुर्शीदाच्या भाचीच्या लग्नाले. वॉच पेटीत ठेवून गेलो. तीन दिवस जिवाले आराम वाटला. कोणी वाजलं नाई, कोणी लाल झालं नाई.

लग्नात खुर्शीदा बसूनच राह्यली. बहिणी म्हणाल्या, "बाजी, उठ ना, तुह्याशिवाय ढोलक कोण वाजवते?" एरवी हिच्या हातून ढोलक सुटत नाई. म्हणाली, थंडीनं हात आखडले. मेहंदी मात्र कोपरापर्यंत काढून घेतली.

आज वॉच घातलं तर १५२. अन् मग माह्या डोक्यात उजेड पडला. मेहंदी! वॉचच्या पोटातून हिरवा उजेड निघते अन् कातडीतलं रक्त पाहते, असं राजदीप म्हणते. कातडीच काळी-लाल रंगवली तर त्याले काय दिसणार, कपाळ? मी खुर्शीदाले सांगितलं तर ती एवढी खूश झाली! "बघा, मी म्हणत नव्हती? मले काय धाड भरली आहे?"

पण मेहंदीच्या आधीपण १४८ आलं होतं. हे मले आता लिहिताना आठवून राह्यलं. तेव्हा तेल होतं. बरोबर. तेव्हा तेल होतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज नुसता आकडा नाई आला. अक्षरं आली. ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

नेमका तेव्हाच शहबाजचा फोन. "अब्बा, रोजचे आकडे मले पाठवा, इथी एका डॉक्टरले दाखवतो." मी तोंड उघडायच्या आत खुर्शीदानं फोन घेतला. "अरे, ते बिघडलं आहे. तुह्ये अब्बा दुरुस्त करून राह्यले. डॉक्टर-बिक्टर काई नको." फोन ठेवला अन् मले म्हणाली, "सारं गाव तुमच्याकडं घड्याळ घेऊन येते. घरातलं एक तुमच्यानं होत नाई?"

लागलं मले ते. पण तिच्या आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती. डॉक्टरचं नाव काढलं की तिचं असंच होते. तिच्या अम्मीले चिमूरहून जीपमध्ये बसवून नागपूरले नेलं होतं अन् चौथ्या दिवशी त्याच जीपमध्ये आडवं आणलं. तेव्हापासून ही सर्दीलेसुद्धा काढा पिते.

राजदीपले म्हटलं, आता शेवटचा उपाय सांग. तो म्हणाला, "कारखान्यातून आलं तसं कोरं करता येते. पण भाऊ, आतलं सगळं पुसल्या जाईन. आतापर्यंतचे आकडे, इशारे, सगळं." मी म्हटलं, पुस. खोट्या आकड्यांचं काय लोणचं घालू? मोबाईलवरचंही पुस.

खोटं कशाले लिहू. लाल अक्षरं पुसल्या जाणार म्हणून मले बरं वाटलं. मले भेव वाटते. कोणाले सांगू शकत नाई, म्हणून इथी लिहितो. मले खूप भेव वाटते.

२ डिसेंबर, सोमवार

सुधारलं! अल्लाहचा लाख लाख शुकर. कालपासून एकही लाल नाई. ठोके ८८, ९२, ९०, कसे एका ओळीत. अन् पावलं? कालची अकरा हजार चारशे! खुर्शीदा अंगणात एवढी चालली अन् मले पत्ता नाई. मी म्हटलं, "वा बाई, वाघाच्या भेवानं घरातल्या घरात मैदान मारलं!" ती हसली. थंडी पडली म्हणून मोठ्ठं स्वेटर घालून बसते, बाह्या बोटांपर्यंत ओढून.

एक बारीक चूक आहे. वॉच म्हणते, ती सात वाजेपर्यंत झोपली होती. खुर्शीदा पाचले फजरच्या नमाजले उठते, माह्या कानानं ऐकतो मी. नमाजमध्ये माणूस शांत असते, त्यालेच ते झोप समजत असेल. एवढं चालते.

शहबाजले आकडे पाठवले. त्याचं उत्तर आलं, "अब्बा, उस्ताद आहात तुम्ही." दुकानात दिवसभर तेच डोक्यात होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

नवीन कटकट. रोज सकाळी दहाले वॉचचं अन् मोबाईलचं बोलणं तुटते, ते पाचलेच जुळते. मोबाईल फळीवर, खुर्शीदा घरात, दहा पावलांचं अंतर, तरी म्हणते 'जोडलेले नाही'. मोबाईलमधून वॉचचं नाव काढलं, पुन्हा जोडलं. बॅटरी वाचवायचं बटन बंद केलं. राजदीप म्हणाला, मधात लोखंडी कपाट असेल तर अडते, तर कपाट सरकवलं. माही कंबर धरली. आज पुन्हा दहाले तुटलं. मी तेव्हा दुकानात असतो, म्हणून समोर बसून पाहताही येत नाई.

सांजच्याले आल्यावर खुर्शीदा म्हणाली, चप्पल आवळून राह्यली, पट्टा ढिला करून आणा. पाह्यलं तर पाय सुजलेले, बोट दाबलं तर खड्डा पडला. म्हणाली, थंडीनं. मग मीही म्हटलं, अकरा-अकरा हजार पावलं चालशील तर पाय सुजणारच ना, जरा कमी चाल. तर कशी पाहत राह्यली माह्याकडं. चप्पल ढिली करून आणली.

उश्याही आता दोन घेते. सपाट झोपलं की दम भरते म्हणे. जुनी गादी आहे, कापूस बसला आहे.

८ डिसेंबर, रविवार

आज वॉच दिवसभर जोडलेलं राह्यलं, एकदाही तुटलं नाई! विचार करून करून कारण सापडलं. रविवारी राजदीपचं दुकान बंद असते. दुकान अन् घर पाठीला पाठ लागून. त्याची ती यंत्रं, चार्जर, रेडिओ-लहरी, त्याच्यानंच आमच्या वॉचले त्रास होत असेल. उद्या त्याले सांगतो, बाबा, तुह्यं मशीन दुसऱ्या भिंतीले लाव.

ठोके ९०. मग मी घाबरलेला काऊन आहे? आज खुर्शीदा नळावर गेली अन् परत येता येता शेवग्याले धरून उभी राह्यली. मी फळीवरचा मोबाईल पाह्यला. ९०. मोबाईल पाह्यला अन् मले बरं वाटलं. ती तिथी झाडाले धरून उभी होती अन् मी मोबाईल पाहत होतो.

१० डिसेंबर, मंगळवार

गडचिरोली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो. खुर्शीदाले आत नेलं आहे, डॉक्टर यायचे आहेत.

दुपारी चारले शाळेतून निरोप आला, आयत पडली, गुडघा फुटला. मी आणायले गेलो. घरी आणून ओसरीवर बसवलं, गुडघा धुतला. कोपरही खरचटलं होतं म्हणून स्वेटरची बाही वर केली. मनगटावर वॉच. पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढं, सुईनं पाडलेल्या एका नवीन भोकात.

मी तिचा हात धरूनच राह्यलो. फळीवरच्या मोबाईलमध्ये ९२. तिच्या हातावर ९२.

"कधीपासून?" मी ओरडलोच. पोरगी रडायले लागली. "दादीनं सांगितलं दादाले नको सांगू. दादी म्हणे, माह्या हातात वाजलं की दादाचं तोंड पांढरं पडते. तू घाल, तुह्या हातात वाजत नाई. झोपतानीपण घाल."

दहा ते पाच शाळा. रविवारी सुट्टी. सात वाजेपर्यंत झोप. अकरा हजार पावलं. घड्याळानं रोज सांगितलं, पोरीच्या हातात आहो, पोरीच्या हातात आहो. मी कपाट सरकवत बसलो.

आत गेलो. खुर्शीदा दोन उश्यांले टेकून बसली होती. ओठांचा रंग जांभळट दिसला. कधीपासून जांभळट आहेत? मी पाह्यलंच नाई.

"काऊन केलं तू हे?"

"मग काय करू?" तिले एका दमात बोलताही येईना. "ते वाजलं की... तुमचा हात थरथरे. घड्याळवाल्याचा हात थरथरला तर... राह्यलं काय? तुमी रात्रंदिवस त्याच्याच मागं. मले वाटलं, तुमाले तरी... झोप लागू दे."

"अन् तुले?"

"मले कशाची झोप. आडवी झाली की छातीत... पाखरू कोंडल्यावानी होते. दिवाळीच्या आधीपासून."

मले उस्तादांची आठवण आली. पहिले कान लाव. पस्तीस वर्षांत एकही घड्याळ मी कान न लावता खोललं नाई, अन् हे एकच, ज्याची चाल ऐकू येत नाई म्हणून मी ऐकलीच नाई. मी खाली वाकलो अन् तिच्या छातीले कान लावला.

एक ठोका मोठा. मग दोन घाईघाईनं, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. मग काईच नाई. त्या काईच नाईमध्ये माहा जीव गेला. मग एक बारीक. मग तीन धावत.

चाल लंगडी. लंगड्या चालीचं घड्याळ मी डोळे बांधूनसुद्धा ओळखीन. गिऱ्हाईक म्हणते, वेळ तर बरोबर दाखवते ना, मग राहू द्या. मी त्याले सांगतो, भाऊ, आज दाखवते, पण असं घड्याळ सांगून बंद पडत नाई.

राजदीपले हाक मारली. त्यानं दुकान तसंच सोडून गाडी काढली. आयतले त्याच्या बायकोजवळ ठेवलं. खुर्शीदाचं आधार कार्ड रजिस्टरच्या कव्हरमध्ये असते, शोधायले वेळ नव्हता, रजिस्टरच पिशवीत टाकलं. खुर्शीदानं उंबऱ्यावर माहा हात पकडला. "जीपमध्ये नाई ना?" मी म्हटलं, "नाई, राजदीपची गाडी आहे." काय बोलणं ते.

दिवस बुडून राह्यला होता. जंगल लागलं तिथी जंगलखात्याच्या माणसांनी गाडी अडवली. पुढं दोन्हीकडं गाड्यांची रांग. "रस्त्याच्या कडेले बसला आहे. दिवे बंद करा, काचा वर करा, आवाज नको." राजदीप खालच्या आवाजात म्हणाला, पेशंट आहे. त्या माणसानं हात जोडले, "भाऊ, पाच मिनिटं. मोटारसायकलवाले उघड्यावर उभे आहेत, जनावर बिथरलं तर त्यायच्यावर जाईन."

तो मले दिसला नाई. झाडीत काळोख तेवढा होता. एरवी माह्यं काळीज तोंडात आलं असतं. पण मी काचेबाहेर पाह्यलंच नाई, तिच्या छातीवर कान ठेवून मोजत होतो. दोन धावत, एक मोठा, काईच नाई. प्रत्येक काईच नाईले मी मनात म्हणे, या अल्लाह, अजून एक दे. अजून एक. माह्या केसात तिची बोटं होती. ती मलेच थोपटत होती.

पाच नाई, अकरा मिनिटं लागले.

११ डिसेंबर, बुधवार

कालचं पान लिहून झाल्यावर जे झालं, ते आज लिहितो.

डॉक्टर बाई तरुण आहेत, साक्षी नाव, आवाज शांत. ईसीजीची पट्टी काढली, मशीन लावलं. पडद्यावर रेघ वेडीवाकडी, जशी मी कानानं ऐकली तशीच. म्हणाल्या, हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. मग मुद्द्याची गोष्ट विचारली. "बाई, हे कधीपासून होते? नीट आठवून सांगा. कालपासून असेल तर विजेचा झटका देऊन ठोके लगेच जागेवर आणता येतात. पण जुनं असेल तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. झटक्यानं ती सुटून मेंदूत गेली तर लकवा, नाहीतर जीवच."

खुर्शीदा म्हणाली, "कालपासून."

मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं नजर वळवली. तिले वाटलं, कालपासून म्हटलं की आजच्या आज सोडतील. अम्मीसारखे चार दिवस राहावं लागणार नाई.

"स्मार्टवॉच आहे म्हणता ना? मग त्यात सगळं असेल," डॉक्टर बाई माह्याकडं वळल्या. "तारखेसकट दिसेल."

"पुसलं," मी म्हटलं.

"कोणी?"

"मी."

माह्या आयुष्यात मी एवढा लहान कधी झालो नाई. पोटच्या पोराले आकडे पाठवले, तेही पोरीच्या हातावरचे. डॉक्टर बाई रागावल्या नाई, हेच जास्त लागलं. सिस्टर झटक्याचं मशीन ओढत आणत होती.

अन् मले पिशवी आठवली.

रजिस्टर काढलं. मागून उघडलं. घाईत एक पान फाटलं. बाप्पा रे, त्यात काय काय लिहिलं आहे! भेव लिहिलं आहे. खोटं लिहिलं आहे. लाल अक्षरं पुसल्यावर बरं वाटलं, हे लिहिलं आहे. हे वाचलं की परक्या माणसाले कळणार, की हा नवरा घड्याळ दुरुस्त करत बसला अन् बायको मरत होती. एक क्षण वाटलं, तोंडीच सांगावं, वीस दिवसांपासून. पण तोंडावर कोण भरवसा ठेवते? ती म्हणते काल, मी म्हणतो वीस दिवस. घड्याळाले तारीख लागते.

दिलं.

बाईनं उभ्या उभ्या वाचलं. २१ नोव्हेंबर, १४८, बसलेली असताना. २३ नोव्हेंबर, १३१, ८८, १४२, १०९. ३० नोव्हेंबर, अनियमित. पायाची सूज. दोन उश्या. दिवाळीच्या आधीपासून. एका जागी थांबल्या, मान वर करून माह्याकडं पाह्यलं, पुन्हा वाचायले लागल्या. मले माहीत आहे कुठी थांबल्या. 'मग खराब कोण', तिथी.

सिस्टरले म्हणाल्या, "मशीन परत ने. हे जुनं आहे." मग मोबाईलवर पानांचे फोटो घेतले. रक्त पातळ करायचं औषध, ठोके हळू करायचं औषध, पायाची सूज उतरायचं औषध. म्हणाल्या, "दोन-तीन दिवस धोक्याचे आहेत भाऊ, खोटं सांगणार नाही. पण त्या झटक्याचा धोका टळला."

खुर्शीदानं खाटेवरून विचारलं, "काय लिहिलं आहे त्याच्यात?"

"तुमचं सगळं लिहिलं आहे, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांचं पण."

१४ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस लिहिलं नाई. रजिस्टर माह्याजवळ नव्हतं. खुर्शीदाजवळ होतं.

तिले मराठी हळू वाचता येते, बोट ठेवून. वाचू नको म्हणायची माही हिंमत झाली नाई. रोज दोन-तीन पानं वाचे अन् उशीखाली ठेवे. मी संत्रं सोलून देऊ, पाणी देऊ, तिच्या तोंडाकडं पाहू. माह्या जिवाले घोर. शहबाज नागपूरहून आला, त्यालेही वाचून दाखवते की काय असं वाटे. तो येऊन माह्याजवळ बसला. त्याचं ते 'उस्ताद आहात' आठवून मी त्याच्याकडं पाहू शकलो नाई.

आज तिनं रजिस्टर माह्या मांडीवर टाकलं. पायाची सूज उतरली आहे, बोलताना दम कमी लागते.

"तीस वर्षं मी समजत होती तुमी चावी-कमानी लिहिता."

"तेही लिहितो. पुढून."

"'मले खूप भेव वाटते' म्हणे. वहीले सांगता. अन् मले काय सांगता? पट्टा आवळ." तिचे डोळे भरले होते अन् ती हसतही होती. "मी भेली म्हणून तुमाले नाई सांगितलं, तुमी भेले म्हणून मले नाई सांगितलं. अन् पोरगी बिचारी वॉच घालून अकरा-अकरा हजार पावलं चालली."

दुखणं म्हशीले अन् औषध पखालीले, गिऱ्हाइकांले हसत हसत कितीदा म्हटलं असेल मी. आता नाई म्हणणार.

डॉक्टर बाई म्हणतात, ठोके हळू होऊन राह्यले, पण लय अजून चुकतेच. औषध रोज, न चुकता. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा तपासू, मग झटक्याचं ठरवू. धोका संपला का, म्हटलं, तर हो म्हणाल्या नाई. कमी झाला म्हणाल्या. वॉच पुन्हा खुर्शीदाच्याच हातात बांधा अन् काही पुसू नका, एवढं मात्र दोनदा सांगितलं. आयतनं ते काढून पाठवलं आहे, राजदीपजवळ. पट्ट्याले सुईचं भोक आहे, राहू दे.

भेव गेलं नाई. कमी पण झालं नाई. फक्त आता दोघांले मिळून आहे.

आज पहिल्यांदा पुढच्या पानांवर, गिऱ्हाइकांच्या रांगेत, घरचं घड्याळ लिहिलं:

नाव: खुर्शीदा. तक्रार: घड्याळ खोटे आकडे दाखवते. तपासणी: घड्याळ बरोबर. दुरुस्ती करणारा चुकला. सकाळची चाल: मिनिटाले एकशे चार, लंगडी. सांजची चाल: अठ्ठ्याण्णव, लंगडी. कान लावून मोजली.

शेरा: ती म्हणते, कान लय थंड आहे, उद्या टोपी घालून या.